सफरचंदाच्या बिया उधळणारा 'अनवाणी फकीर': त्या फॉरवर्डमध्ये खरं किती?

तो फॉरवर्ड परत आलाय. या वेळी फॅमिली ग्रुपवर आत्याने टाकला, खाली हात जोडलेले सहा इमोजी. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: अमेरिकेत जॉनी ॲपलसीड नावाचा एक फकीर होऊन गेला, इंचभर जमीन नव्हती, अनवाणी, डोक्यावर पातेलं, पन्नास वर्षं ओसाड जंगलातून बिया उधळत फिरला, का तर पोराबाळांना गोड सफरचंदं मिळावीत. आणि शेवटी आपल्याला सल्ला, की प्रवासात आंबा खाल्ला तर कोय गाडीतून बाहेर फेका, झाड येईल.

माणूस खरा, हे आधीच मान्य. खरं नाव जॉन चॅपमन, जन्म १७७४, मॅसॅच्युसेट्समधलं लिओमिन्स्टर, वारला १८४५ मध्ये इंडियानातल्या फोर्ट वेनजवळ. लग्न केलं नाही, आणि अनवाणी हिंडायचा हे त्याला पाहिलेल्या लोकांनीच सांगितलंय. बाकीचं बघू.

"बिया उधळत फिरला." अहो, नर्सरीवाला होता तो! पेनसिल्व्हेनियातल्या सायडरच्या (म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाच्या) घाण्यांवर सफरचंदाचा रस काढून झाला की चोथा उरायचा, त्यातल्या बिया हा धुऊन पिशव्या भरून न्यायचा, पुढे ओहायोत नदीकाठची चांगली माती बघायची, जागा साफ करायची, बिया पेरायच्या, आणि भोवती फांद्या-झुडपांचं कुंपण घालायचं, नाहीतर हरणं आणि गुरं काही ठेवत नाहीत. मग जवळपास कोणी राहत असेल त्याला लक्ष ठेवायला सांगून हा पुढे, वर्षा-दोन वर्षांनी परत येऊन निगराणी. वस्ती कुठे सरकणार याचा अंदाज घेऊन आधीच रोपं तयार ठेवायची, ही त्याची खरी हुशारी. गिऱ्हाईकही पक्कं, कारण तिथे वस्ती वसवणारी ओहायो कंपनी नव्याने राहायला येणाऱ्यांना फुकट जमीन द्यायची, आणि त्या जमिनीला अट होती, तीन वर्षांत सफरचंदाची ५० आणि पीचची २० झाडं लावून दाखवा. रोप काही सेंटला. पैसे नसले तर जुने कपडे चालायचे, नाहीतर नुसती चिठ्ठी लिहून द्या, आणि ती वसूल करायला हा फारसा जायचाच नाही.

"इंचभर जमीन नव्हती." मेला तेव्हा नावावर सुमारे १,२०० एकर होती असं सांगतात. १८१४ मध्ये तर त्याने १६० एकराचे तुकडे ९९ वर्षांच्या लीजवर घेतलेत. झोपायचा मात्र दुसऱ्याच्या घरात जमिनीवर, तेव्हा फकिरी पूर्ण खोटी नाही, फक्त सातबारा कोरा नव्हता!

"गोड सफरचंदं." हे तरी आपल्याला कळायला हवं राव. हापूसची कोय पुरली म्हणून हापूस येतो का? येतो तो रायवळ, एक झाड गोड तर दुसरं आंबट ढ्याण, म्हणून तर कोकणात कलमं बांधतात. सफरचंदाचंही तसंच, आणि चॅपमनचा कलमाला विरोध, झाडाला कापणं त्याला पाप वाटायचं. म्हणजे त्याची बहुतेक फळं तोंडात धरवणार नाहीत अशी. ती जायची सायडरला, व्हिनेगरला. हिवाळ्यात सायडरचं पिंप बाहेर ठेवायचं, वर जमलेला बर्फ काढून टाकायचा, खाली उरते ती ॲपलजॅक नावाची कडक दारू. यावरून आता उलटा फॉरवर्ड निघालाय की तो दारूवाला होता. तोही नको. तो रोपं विकायचा, पुढे कोणी काय गाळलं ते ज्याचं त्याला.

फॉरवर्डमधून साफ गायब काय, तर त्याचं प्रवचन. तो न्यू चर्चचा प्रचारक, म्हणजे स्वीडनबॉर्ग या स्वीडिश धर्मचिंतकाच्या शिकवणीवर चालणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा. पुस्तकं कमी, घरं लांबलांब, म्हणून हा चक्क पुस्तक फाडून त्याचे भाग करायचा, एक भाग या घरी, दुसरा त्या घरी, पुढच्या फेरीत अदलाबदल. म्हणजे एखाद्याने शेवट आधी वाचला आणि सुरुवात वर्षभराने! घरात शिरला की म्हणायचा, स्वर्गातली ताजी बातमी आणलीय. १८१७ मध्ये पार इंग्लंडात मँचेस्टरच्या न्यू चर्चवाल्यांनी छापलेल्या अहवालात या अजब मिशनरीचा उल्लेख आहे.

"ओसाड जंगल" म्हणणं तर डोळेझाकच. त्याच्या रोपवाटिका होत्या त्याच भागात ग्रीनटाऊन हे डेलावेअर या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांचं नांदतं गाव होतं. अमेरिका-ब्रिटन यांच्या १८१२ च्या युद्धात अमेरिकी मिलिशियाने, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या फौजेने, तिथली माणसं हलवली आणि गाव जाळलं.

पातेल्याचं सोडून देऊ. तो मेल्यावर २६ वर्षांनी, १८७१ मध्ये हार्पर्स मासिकात एक रसभरीत लेख आला, तिथून हे चित्र गाजलं, मग १९४८ मध्ये डिस्नेने रंगवलं. फोर्ट वेनच्या बेसबॉल टीमचं नावच आता टिनकॅप्स, म्हणजे पत्र्याच्या टोप्या, आहे.

आणि कोयी फेकायच्या सल्ल्याबद्दल. चॅपमनच्या नावावर खरोखरच्या उधळणीची एक गोष्ट सांगतात, ती डॉग फेनेल नावाच्या वनस्पतीची. हिवतापावर गुणकारी या समजुतीने तो तिचं बी जाईल तिथे टाकत गेला म्हणे, ना ओळ ना कुंपण. ती घाण वासाची, आपल्या गाजरगवताच्याच कुळातली. ताप काही हटला नाही, आणि ओहायोचे शेतकरी पुढे कित्येक वर्षं ते तण उपटत त्याच्या नावाने खडे फोडत बसले.