दगडच तर आहे, काय होतंय!

ज्याने भर पावसात सिंहगड दोनदा चढलाय आणि हरिश्चंद्रगडावर जाऊन एकदा तरी मॅगी खाल्लीय, त्याला जगातल्या कुठल्याही डोंगराने काही शिकवायला जाऊ नये, हे आधीच क्लिअर करून ठेवतो. त्यामुळे तुम्ही न्यू मेक्सिकोतल्या काशा-कातुवे टेंट रॉक्सला निघाला असाल तर तयारीबियारीच्या भानगडीत अजिबात पडू नका. वाळवंटातले चार सुळके आणि एक घळ, जाऊन-येऊन तीन मैल, म्हणजे पाचेक किलोमीटर. एवढं तर आपण लग्नाच्या खरेदीला लक्ष्मी रोडवर चालतो, तेही हातात पिशव्या घेऊन.

सगळ्यात आधी, बुकिंग करू नका. ही जागा मार्च २०२० मध्ये बंद झाली ती थेट २१ नोव्हेंबर २०२४ ला उघडली, आणि तिथे जायचा रस्ता कोचिती प्वेब्लोच्या जमिनीतून जातो, म्हणजे तिथल्या मूळ लोकांच्या अक्षरशः अंगणातून, त्यामुळे आता सरकारचं तिकीट वेगळं, प्वेब्लोची परवानगी वेगळी, आणि दोन्ही आधी ऑनलाइन काढून ठेवायचं. पण वेबसाइट वाचून जाणारा तो कसला ट्रेकर! आम्ही पहिल्यांदा डॅलसहून दहा तास गाडी हाकत असेच गेलो, काउंटरवरच्या बाईंना 'मॅडम, बघा ना काहीतरी ॲडजस्ट होतंय का' याचं शक्य तितकं नम्र इंग्रजी करून ऐकवलं. बाई छान हसल्या. ॲडजस्ट काही झालं नाही. उरलेला वीकेंड अल्बुकर्कीच्या मोटेलात चौघांनी एका चार्जरवर काढला.

दुसऱ्या वेळी बुकिंग बायकोने केलं म्हणून आत तरी गेलो. पुढचे सल्ले त्या दिवसाच्या पुण्याईवर.

सकाळी लवकर जाऊ नका. लवकर उठून जायला ती काय भस्मारती आहे? जुलैचा महिना निवडा, आरामात पोहे करा, पोह्यांवर चहा, चहावर पुन्हा 'अर्धा कप चालेल' असा चहा, आणि सूर्य बरोबर डोक्यावर आला की ट्रेल सुरू करा. फोटोत सावल्या पडत नाहीत, हा फायदा. पाण्याची अर्ध्या लिटरची एकच बाटली चौघांत घ्या, उगाच ओझं कशाला. वाळवंटातली खरी गंमत म्हणजे तिथे घाम येतो पण दिसत नाही, हवा इतकी कोरडी की आल्या आल्या उडून जातो, त्यामुळे 'घामच आला नाही, म्हणजे आपण दमलोच नाही' असा साधा सरळ हिशोब करता येतो. तासाभराने डोकं ठणकायला लागलं, जीभ टाळ्याला चिकटली की समजा पित्त झालंय, पोह्यात शेंगदाणे जास्त पडले असणार. आमच्या ग्रुपमधल्या बायकोच्या मावसभावाने तर ठामपणे ॲसिडिटीची गोळी घेतली. कोरडीच. पाणी तोवर संपलं होतं.

आणि उंचीचं टेन्शन नको. इथली सगळ्यात खालची जागाच ५,५७० फुटांवर आहे आणि आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे गाडीतून पाय बाहेर टाकलात की महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर झालं, फेसबुकवर टाकायला हरकत नाही. शेवटच्या चढात ६३० फूट आहेत, तिथे छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली की थांबायचं नाही, कारण मागून सत्तरीच्या दोन अमेरिकन आज्या काठ्या टेकत येत असतात आणि त्यांनी 'यू ओके, हनी?' असं विचारलं की माणूस आयुष्यातून उठतो.

आता मुद्द्याचं, दगड. आपली सवय सह्याद्रीची. बेसाल्ट! लाव्हा थंड होऊन झालेला, घट्ट, काळा, साडेसहा कोटी वर्षं पाऊस खाऊन अजून उभा, त्यावर पहारीने मारलं तर पहार वाकडी होते. हे टेंट रॉक्सवालेही ज्वालामुखीचेच, हेमेझ पर्वतातल्या, पण घरातला अगदी वेगळा मुलगा निघावा तसे. साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी तिथे स्फोट झाले ते राखेचे आणि प्युमिसचे, म्हणजे जाळीदार हलक्या ज्वालामुखी दगडाचे, तापलेली राख लोंढ्यासारखी खाली आली आणि थरावर थर साचत गेले, काही ठिकाणी हजार फूट जाड. म्हणजे तो डोंगर नाहीच तसा, दाबून बसवलेली राख आहे. काशा-कातुवेचा अर्थच कोचिती प्वेब्लोवाल्यांच्या केरेसन भाषेत 'पांढरे कडे'. मी नख लावून बघितलं. नख आत गेलं. भिजलेल्या खडूत जातं तसं, आणि बोट बाहेर काढलं तर पांढरं, सोमवारी महादेवाच्या देवळातून आल्यासारखं.

हे कळल्यावर तुम्ही काय करायचं ते सांगायला नकोच. गाडीची किल्ली काढायची आणि नाव कोरायचं. बेसाल्टवर छिन्नी-हातोडा लागतो, इथे किल्लीवर काम भागतं, एवढी सोय जगात कुठे आहे! परंपराही जुनी आहे, लाजायचं कारण नाही. जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात चित्रावरच आपलं नाव आणि तारीख खरवडून ठेवली, आज दोनशे वर्षांनी आपण ते नाव घेतोय की नाही? चित्रकाराचं कोणाला माहितीय? मग तुमचंही 'सोन्या + पिंकी' साठ लाख वर्षांच्या राखेवर पाच-पंचवीस वर्षं तरी टिकेलच, पुढे पावसाने गेलं तर भिंतीसकट जाईल.

तंबूंचं गणितही समजून घ्या, म्हणजे नीट बिघडवता येईल. मऊ राखेच्या थरात मध्येच कडक दगडाचे गोळे होते. पाऊस-वाऱ्याने आजूबाजूची राख वाहून गेली, पण गोळ्याच्या खालची राहिली, डोक्यावर छत्री असल्यासारखी, आणि झाले सुळके तयार, काही कमरेएवढे, काही ९० फुटांपर्यंत. पुष्कळांच्या डोक्यावर दगडाची टोपी. आपल्याकडच्या एखाद्या लग्नात फेटे बांधून मांडवात उभे राहिलेले काका लोक आठवा, डिट्टो. टोपी पडली की खालचा तंबू उघडा पडतो आणि झिजत जातो, टोपी गमावलेले असे काही बापुडेही तिथे उभे आहेत. तेव्हा लहान मुलं सोबत असतील तर त्यांना खडे मारून टोप्या पाडायची शर्यत लावून द्या. मुलं बिझी, आपण मोकळे. कोणी गोरा डोळे वटारून बघायला लागला तर 'किड्स, यू नो' म्हणून खांदे उडवायचे, हे वाक्य मी त्या दिवशी एका देसी बापाच्या तोंडून ऐकलं आणि मराठीत कपाळाला हात लावला.

घळीत शिरताना पाठीवरची सॅक काढू नका. ती घळ म्हणजे राखेच्या भिंतींमधली चीर, कुठे कुठे इतकी अरुंद की आडवं होऊन सरकावं लागतं, भिंती अशा वळत वळत जातात की आकाशाची नुसती निळी पट्टी दिसते, आणि वाटेत एका पाँडेरोसा पाइनची मुळं खालची माती वाहून गेल्यामुळे उघडी पडलीत, म्हातारीच्या हाताच्या शिरांसारखी. खरं सांगायचं तर तिथे मी दोन मिनिटं गप्प उभा होतो, जे माझ्या बायकोच्या मते लग्नानंतर पहिल्यांदाच झालं. पण तुम्ही असलं काही करू नका. मुळांना लोंबकळून रील काढा. मग सगळ्यात चिंचोळ्या जागी अकरा जणांचा ग्रुप फोटो लावा, मागे-पुढे लोक खोळंबले तर खोळंबू देत, ज्याने संध्याकाळी सहाची विरार लोकल पकडलीय त्याला दोन भिंतींत अंग चोरून उभं राहण्याचं कौतुक ते काय. समोरून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं का? छे. आपण आधी शिरलो होतो, त्याने मागे जावं.

पावसाचं वेगळं सांगायला हवं, कारण आपला पावसाशी जरा जास्तच जिव्हाळा. तिकडेही जुलै ते सप्टेंबर मॉन्सून असतो, नावही तेच, ऐकून ऊर भरून येतो. दुपारी ढग जमले, गार वारा सुटला, लांबवर गडगडलं की आपल्या मराठी मेंदूत दोनच गोष्टी येतात, कांदाभजी आणि 'चला भिजू'. तर अशा वेळी बरोबर घळीत जाऊन बसा. डोक्यावर ऊन असेल तर उत्तमच, म्हणजे शंका यायला नको. १२ ऑगस्ट १९९७ ला ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये (ती वालुकाश्माची घळ, राखेची नाही, पण पाण्याला काय त्याचं) असाच पाऊस मैलोन्‌मैल लांब वरच्या बाजूला कोसळला होता, घळीतल्या लोकांवर नाही. वाळवंटातली कडक जमीन पाणी पीत नाही, सगळं उताराला लागतं, आणि उताराचं टोक म्हणजे घळ. ११ पर्यटक गेले. यावर विनोद सुचला नाही, सुचला असता तरी लिहिला नसता.

आमच्या वेळी पश्चिमेला आभाळ काळं झालं तेव्हा मावसभाऊ म्हणाला, अरे सांदण व्हॅलीत नाही का आपण गेलो होतो. म्हटलं, गेलो होतो रे, डिसेंबरात. आणि तिथेही साम्रदचे गावकरी पावसाळ्यात कोणाला उतरू देत नाहीत. तर म्हणे, ते वेगळं. काय वेगळं ते त्याला त्या ॲसिडिटीत सांगता आलं नाही.

घरी मात्र काही सांगून जाऊ नका. नेटवर्क नसतंच, तेव्हा 'पोचलो की मेसेज करतो' एवढं टाकून गायब व्हायचं. ॲरन राल्स्टन नावाचा गिर्यारोहक २००३ मध्ये युटातल्या ब्लूजॉन कॅन्यनमध्ये कोणालाही न सांगता एकटाच गेला, निसटलेल्या धोंड्याखाली हात अडकला, पाच दिवस तसाच, शेवटी स्वतःचा हात स्वतः कापून बाहेर आला. आपल्याकडे एवढी वेळ येणार नाही म्हणा, आई तिसऱ्या तासाला अमेरिकेतल्या सगळ्या ओळखीच्यांना फोन लावेल, ज्यांच्याशी आपण चार वर्षं बोललेलो नाही त्यांनाही.

वर पठारावर पोचलात की ब्लूटूथ स्पीकर काढा. समोर रिओ ग्रांदेचं खोरं, लांब सँग्रे दे क्रिस्तोच्या रांगा, हेमेझ, सँडिया, खाली पांढऱ्या तंबूंची छावणी पडलेली, आणि इतकी शांतता की स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येतं. ही शांतता कोणाला तरी मोडायलाच हवी ना. सोबत विजा चमकत असतील तर कड्याच्या टोकाला, सगळ्यात उंच जागी, हातात सेल्फी स्टिक घेऊन उभे राहा.

खाली उतरताना वाटेवरचे प्युमिसचे बारीक खडे पायाखाली असे पळतात की स्वयंपाकघरात साबुदाणा सांडलाय आणि त्यावरून आपण घाईने चाललोय. त्यासाठी चप्पलच बरी, बुडावर आपटायला वेळ लागत नाही. आपटलातच तर आजूबाजूला बघा, काळे काचेसारखे गोल गोल खडे दिसतील, ऑब्सिडियनचे, त्यांना अपाची टिअर्स म्हणतात, अपाचींचे अश्रू. उचलायला मनाई आहे, म्हणजे चांगलेच असणार. एकाने उचलला तर काय संपणार आहेत? आणि तसं म्हणणारे रोज किती येतात, हे मोजत बसायचं आपलं काम नाही.

मावसभावाच्या खिशातून एक निघाला. गाडीत बसल्यावर, चावी शोधताना. बायको काहीच बोलली नाही, फक्त तिने गाडीचं दार पुन्हा उघडून धरलं. तो उतरला, परत ट्रेलच्या तोंडापर्यंत गेला, ठणकतं डोकं आणि दुखरं बूड सांभाळत, आणि खडा ठेवून आला. कुठे ठेवला विचारलं तर म्हणे, खड्यांतच टाकला, त्याच्या भावंडांत.

रात्री मोटेलात बूट झटकले तर बाथरूमच्या फरशीवर पांढरा ढीग. मावसभावाने तोवर दिवसभरातला सगळ्यात भारी फोटो, मागे नव्वद फुटी सुळके, टोप्या, निळंशार आकाश, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला होता. पुण्याहून मावशीचा रिप्लाय आला, 'छान!! पण इतका काळवंडलास का रे? आणि मागे ते मशरूम कसले?'