पझेशनची तारीख

एके काळी माझ्या आयुष्यात दोन रिडेव्हलपमेंट एकदम चालू होती. ठाण्याला आईबाबांची सोसायटी, आणि उत्तर लंडनमध्ये माझ्या क्लबचं स्टेडियम. दोन्हीकडे जुनं पाडून झालं होतं. दोन्हीकडे कुंपणाच्या पत्र्यांवर हिरवीगार झाडं आणि हसरी गोरी कुटुंबं छापलेली होती (ठाण्यातलं कुटुंबही गोरंच का, ते बिल्डरला माहीत). आणि दोन्हीकडच्या लोकांचा प्रश्नही एकच होता: पझेशन कधी?

क्लब म्हणजे टॉटनम हॉटस्पर. तुम्ही फुटबॉल बघत असाल तर हे नाव वाचून तुमच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मला पाठ आहे. आमचा क्लब 2008 मध्ये लीग कप जिंकला आणि मग सतरा वर्षं काहीही जिंकला नाही. शेवटी मे 2025 मध्ये बिल्बाओला युरोपा लीगचा चषक उचलला, पण त्याच हंगामात लीगमध्ये वीस संघांत सतरावा आला. आणखी एक पायरी खाली गेला असता तर युरोपचा विजेता दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळायला गेला असता. असा क्लब आयुष्यभराचा म्हणून निवडणाऱ्याने रिडेव्हलपमेंटला घाबरायचं काही कारण नसतं.

जुनं मैदान व्हाइट हार्ट लेन. क्लब तिथे 1899 पासून राहत होता. प्रेक्षक छत्तीस हजारांच्या आसपास, आणि सगळे मैदानाच्या इतके जवळ की थ्रो-इन घेणाऱ्या खेळाडूला पहिल्या रांगेतले आजोबा तो कुठे टाकायचा ते सांगायचे, आणि तो ऐकायचाही. 14 मे 2017 ला तिथली शेवटची मॅच झाली. मँचेस्टर युनायटेडला 2-1 असं हरवलं, नंतर जुने खेळाडू मैदानात आले, पाऊस पडला, चक्क इंद्रधनुष्य निघालं. मोठमोठी माणसं ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी पाडकाम सुरू झालं.

त्याआधी बरंच काही होऊन गेलं होतं. प्रत्येक सोसायटीत सही न करणारा एक सभासद असतो, तसा टॉटनमलाही होता. पॅक्स्टन रोडवरचा एक कौटुंबिक पत्र्याचा कारखाना नव्या स्टेडियमच्या जागेतच उभा होता आणि हलायला तयार नव्हता. जागा सक्तीने घेण्याचं प्रकरण कोर्टात गेलं, आणि 2015 मध्ये निकाल लागेपर्यंत सगळं अडून राहिलं. हे मी बाबांना फोनवर सांगितलं. बाबांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण त्या दिवशी ते खुर्चीत सरसावून बसल्याचा आवाज मला ठाण्याहून लंडनला ऐकू आला.

"काय मागत होता?" बाबांनी विचारलं. "वाढीव एरिया की कॉर्पस?"

पाडकाम झालं की भाड्याने कुठेतरी जावं लागतं. आईबाबा कळव्याला गेले. क्लब गेला वेंब्ली स्टेडियमवर. आणि मी राहतो वेंब्लीला.

लंडनमधल्या झाडून सगळ्या टॉटनमवाल्यांनी त्या काळात शिव्या घातल्या. कुठे टॉटनम, कुठे वेंब्ली! शहराचा पार दुसरा कोपरा. मी मात्र गप्प होतो, कारण स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला वेंब्लीची कमान दिसते. सबंध हंगाम मी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यावर घरातून निघायचो आणि खेळाडू मैदानात उतरायच्या आधी जागेवर असायचो.

हे सुख मित्रांना कळायला एक आठवडासुद्धा लागला नाही.

वेंब्लीला मॅचच्या दिवशी आसपासच्या रस्त्यांवर रहिवाशांखेरीज कुणाला गाडी लावता येत नाही, परमिट लागतं. रहिवाशांना पाहुण्यांसाठी परमिट घेता येतं. म्हणून माझ्याकडे पाहुणे येऊ लागले. स्लाऊचे आले, ल्यूटनचे आले, ज्यांचा माझा संबंध फक्त गणेशोत्सवातल्या महाप्रसादाच्या रांगेपुरता होता तेही "सहज म्हटलं भेटावं" म्हणत, गळ्यात निळा-पांढरा मफलर घालून आले. आता आलेल्याला निदान चहा तरी विचारायचा असतो. चहाबरोबर पोहे आले. पोह्यांबरोबर "जरा बाथरूम कुठे आहे?" आलं. 10 फेब्रुवारी 2018 ला आर्सेनलविरुद्धच्या मॅचला 83,222 प्रेक्षक होते. प्रीमियर लीगचा विक्रम आहे तो. त्यातले बरेचसे आमच्या बाथरूममधून पुढे गेले असावेत.

"आपण मॅच बघतो की पे अँड पार्क चालवतो?" बायकोने विचारलं.

मी म्हटलं, "एकच हंगाम. पुढच्या सप्टेंबरात पझेशन आहे."

ती ठाण्याच्या सोसायटीची सून. तिने काहीही न बोलता पाच किलो पोहे मागवून ठेवले.

सप्टेंबर 2018 मध्ये लिव्हरपूलविरुद्ध नवं स्टेडियम उघडायचं ठरलं होतं. ऑगस्टमध्ये क्लबने जाहीर केलं की सुरक्षेच्या महत्त्वाच्या यंत्रणांमध्ये अडचणी आहेत, थोडं थांबा. बाबांना सांगितलं. एका क्षणाचाही विचार न करता ते म्हणाले, "फायरची एनओसी." मी बातम्या उघडून पाहिल्या. आगीची सूचना देणाऱ्या यंत्रणेच्या वायरिंगचंच लफडं होतं. जगातल्या कुठल्याही इमारतीला उशीर झाला तर माझ्या वडिलांना विचारा.

त्याच हंगामात भाडेकरूपण म्हणजे काय ते नीट कळलं. सप्टेंबरात वेंब्ली मोकळं नव्हतं, म्हणून वॉटफर्डविरुद्धची लीग कपची 'घरची' मॅच चक्क मिल्टन कीन्सला झाली. ऑक्टोबरात अमेरिकन फुटबॉलवाले एका रविवारी वेंब्लीत खेळून गेले आणि दुसऱ्याच रात्री आम्ही त्याच गवतावर मँचेस्टर सिटीशी खेळलो. त्यांचे यार्डांचे पट्टे तसेच दिसत होते, मधला भाग उखडलेला, आणि आमची धांदल अशी की पेनल्टी बॉक्सची रेघ नेमकी कुठली ते शोधण्यात माझा सगळा पूर्वार्ध गेला. 1-0 असे हरलो. हरण्याबद्दल तक्रार नाही, सवय आहे.

शिवाय घरात पैसा नाही. 2018 च्या उन्हाळ्यात क्लबने एकही खेळाडू विकत घेतला नाही. खेळाडू घेण्याच्या ठरावीक मुदतीची पद्धत 2003 मध्ये सुरू झाल्यापासून प्रीमियर लीगमधल्या कुठल्याच क्लबने उन्हाळ्यात असं केलं नव्हतं. आईला याचं अजिबात आश्चर्य वाटलं नाही. "बांधकाम काढलं की दोन वर्षं दागिना होत नाही," ती म्हणाली. गंमत म्हणजे त्याच न वाढवलेल्या संघाने त्या वर्षी चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी गाठली. तिथे माद्रिदला लिव्हरपूलकडून हरला, हे वेगळं सांगायला नकोच.

अखेर मार्च 2019 मध्ये दोन चाचणी सामने झाले. सगळी दारं, जिने, भोंगे तपासल्याशिवाय वापराचा परवाना, म्हणजे आपली ओसी, मिळत नाही. "ओसी आली का? ओसीशिवाय पाय ठेवू नको," बाबांची रोजची ताकीद. ओसी आली. 3 एप्रिलला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध पहिली मॅच झाली आणि सॉन ह्युंग-मिनने नव्या घरातला पहिला गोल मारला.

आणि घर म्हणजे काय घर! बासष्ट हजार आठशे पन्नास खुर्च्या. दक्षिणेकडे साडेसतरा हजार लोकांचा एकसंध उतार, इतका उभा की माझ्या पुढच्याचं टक्कल मला फक्त वरून दिसतं, त्याच्या पलीकडचं सगळं मैदान मोकळं. खर्च सुमारे एक अब्ज पौंड. गवताचं अख्खं मैदान तीन तुकड्यांत विभागून साडेसतरा हजारांच्या त्या स्टँडखाली सरकतं आणि खालून अमेरिकन फुटबॉलचं कृत्रिम मैदान वर दिसतं. म्हणजे ज्या पाहुण्यांनी वेंब्लीला आमचं गवत उखडलं होतं, त्यांच्यासाठी नव्या घरात स्वतंत्र खोली काढली. आमच्यात याला मोठं मन म्हणतात, अकाउंटंट याला दुसरं काहीतरी म्हणतात.

बिअरचं तर प्रदर्शनच आहे. गोलच्या मागे पासष्ट मीटर लांबीचा बार. ग्लास यंत्रावर ठेवला की बुडातून भरत वर येतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पीत नसतानाही टाळ्या वाजवल्या. पण इंग्लंडमध्ये 1985 पासून कायदा आहे: फुटबॉलची मॅच चालू असताना मैदान दिसेल अशा जागी दारू पिता येत नाही. त्यामुळे मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत हजारो माणसं जिन्याखाली उभी राहून घोट घेतात आणि पुढचा गोल भिंतीवरच्या टीव्हीत बघतात. त्याच इमारतीत अमेरिकन फुटबॉल असला की ग्लास घेऊन खुशाल खुर्चीत बसता येतं. फुटबॉलवाल्यावर विश्वास नाही, इतकाच याचा अर्थ.

रोख पैसे चालत नाहीत. तिकीटही फोनमध्येच. म्हणजे घरून निघताना आता मफलर विसरला तर चालतं, चार्जर विसरलात तर तुम्ही या जगात नाही. माझ्यापुढे एक गृहस्थ एकदा फाटकाशी मेलेला फोन हातात धरून उभे होते. त्यांना आत सोडता येईना, आणि बाहेरून चार्जरवाला दुकानदार त्यांना घाई करत होता. आतून गोलचा आरडाओरडा आला तेव्हा बॅटरी दोन टक्के होती.

इथपर्यंत सगळं ठीक. रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डर फाटकाच्या आतलं सगळं देतो. लिफ्ट देतो, जिम देतो, लॉबीत संगमरवर देतो. फाटकाबाहेरची गल्ली तीच राहते. ठाण्याला चार मजल्यांच्या जागी बावीस झाले आणि गल्लीत अजूनही समोरून रिक्षा आली की एकाला उलट जावं लागतं. टॉटनमला छत्तीस हजारांच्या जागी साठ हजारांवर माणसं झाली आणि बाहेर तोच टॉटनम हाय रोड. मॅचच्या दिवशी तो गाड्यांना बंद असतो, कारण माणसांनाच पुरत नाही.

शिट्टी वाजते. साठ हजार माणसं उठतात. जवळचं स्टेशन व्हाइट हार्ट लेन, तिथली रांग स्टेशनला कमी आणि स्टेडियमला जास्त जवळ असते. म्हणून शहाणी माणसं सेव्हन सिस्टर्सपर्यंत चालत जातात. अर्धा तास. सगळे शहाणे निघाल्यामुळे तिथेही रांग. ती कडेच्या गल्ल्यांत वळते, हातात फलक घेतलेला कुणीतरी थोडे सोडतो, थोडे अडवतो. मला तिथून व्हिक्टोरिया लाइनने किंग्ज क्रॉस, तिथून मेट्रोपॉलिटनने वेंब्ली पार्क. मॅच दीड तासाची, परत यायला त्याहून जास्त. आणि वेंब्ली पार्कला उतरलं की समोर तीच कमान, जिच्याकडून मी एके काळी तीन शिट्ट्यांत घरी जायचो.

यावर उपाय म्हणून सगळीकडून एकच सल्ला मिळतो: घाई करू नका, मॅचनंतर आतच थांबा, काहीतरी खा, गर्दी ओसरली की निघा. मी तसं करून पाहिलं. 3-1 असे हरलो होतो. पासष्ट मीटरच्या बारजवळ गार झालेले चिप्स खात उभा राहिलो आणि भिंतीवरच्या सगळ्या पडद्यांवर ते तिन्ही गोल पुन्हा, सावकाश, तीन कोनांतून दाखवले गेले. पाऊण तासाने बाहेर आलो. हाय रोड दोन्ही फुटपाथ धरून भरलेला होता. शेजारी मफलर गुंडाळलेले एक आजोबा चालत होते, बहुधा व्हाइट हार्ट लेनच्या पहिल्या रांगेतलेच. मी म्हटलं, गर्दी ओसरायला हवी होती एव्हाना.

"ही ती नाही," आजोबा म्हणाले. "ती गेली मघाशी. ही आत थांबलेल्यांची."