अंदमानात संग्रहालय कसं उरकावं

अंदमानच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत रॉस बेटापुढे बारीक अक्षरात ‘संग्रहालय’ असं छापलेलं दिसलं, तर घाबरू नका. मामला छोटासाच आहे. बायको शहाळं संपवेपर्यंत बाहेर पडता येतं.

बेटाचं नाव 2018 पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअरचं 2024 पासून श्री विजयपुरम. याचा अभिमान जरूर बाळगा, पण स्टेटस टाकताना रॉसच लिहा. नाहीतर ठाण्याला नौपाड्यातल्या मावशींना तुम्ही भलतीकडेच गेलात असं वाटायचं.

आत शिरताच पंखा शोधा आणि डोंबिवलीचा ग्रुप यायच्या आत त्याखालची जागा धरा. भिंतीवरचे इंग्रज साहेबांच्या ऐषआरामाचे जुने फोटो लांबूनच बघावेत. जवळ गेलात की हे सगळं उभं कुणी केलं असा प्रश्न पडतो आणि थेट मार्च 1858 मध्ये जावं लागतं. सत्तावनचा उठाव चिरडून झाल्यावर डॉ. वॉकर दोनशे कैदी घेऊन अंदमानात उतरला. रान त्यांनी तोडायचं, मरायचंही त्यांनीच, आणि चर्च, बेकरी, नाचघर साहेबांचं. मग जून 1941 चा भूकंप, पाठोपाठ 1942 मध्ये जपानी, की साहेबांचा कारभार आटोपला. एवढं सगळं वाचत बसलात तर बाहेरच्या हरणांबरोबर सेल्फी कोण काढणार? वडाच्या मुळांनी गिळलेल्या भिंती तर खास तुमच्या फोटोसाठीच पडून आहेत.

तरी इतिहास हवाच असेल, तर प्रत्येक ग्रुपात एक निवृत्त मास्तर असतात. ते सगळे फलक मोठ्यानं वाचतात. त्यांच्या मागे उभं राहावं. चष्मा काढावा लागत नाही.

गहिवर मात्र सेल्युलर जेलसाठी राखून ठेवा. 1906 मध्ये पुरी झालेली ही इमारत. सातांपैकी तीनच शाखा उरल्यात. सावरकरांच्या कोठडीपुढे रांग असते. आपला नंबर आला की डोळे पुसा, आधी नको.

नेमके तेव्हाच मास्तर बोलतात. नाशकात कलेक्टर जॅक्सनला मारल्याबद्दल कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी फाशी दिली ती आपल्या ठाण्याच्या तुरुंगात, म्हणतात. पिस्तुलं पुरवल्याचा ठपका ठेवून सावरकरांना 1911 मध्ये इथे आणलं, तेही त्याच प्रकरणात. शिवाय तो तुरुंग म्हणजे मराठ्यांनी 1737 मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला. आणि ठाणं तरी काय, साष्टी बेटावरच की!

त्यांना जास्त बोलू देऊ नका. बेट म्हटलं की विमानाचं तिकीट लागतं. जिथून कळव्याला शेअर रिक्षा जाते त्याला बेट कोण म्हणेल? आणि तुरुंगाचं म्हणाल, तर रोज त्याच्या भिंतीवरून जाताना आपण सिग्नल बघायचा की इतिहास? बरं, बघायचं ठरवलं तरी तिथे अजून कैदी आहेत. आत सोडायला तिकीट चालत नाही, गुन्हा लागतो.