४३२ घन इंचांचा संसार

डेट्रॉइटच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला गाड्यांचे वेड असायचेच. पण माझ्या यजमानांना वेड आहे ते कधी जन्मालाच न आलेल्या गाड्यांचे. १९६४ साली अमेरिकन मोटार कंपनी पाँटिअ‍ॅकने मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीमध्ये ३८९ घन इंचांचे, म्हणजे सिलिंडरांच्या तेवढ्या एकूण आकारमानाचे, इंजिन बसवून जीटीओ ही ताकदवान गाडी काढली, म्हणून यजमानांनीही आपली काल्पनिक मोटार कंपनी त्याच सालात स्थापन केली आहे. बरी नावे इतरांनी आधीच पळवल्यामुळे कंपनी अद्याप बिननावाची आहे. इंजिने मात्र रोज रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर तयार होतात.

परवा त्यांनी आमटीची वाटी रिकामी होताच कॅलिपर लावून मोजली. व्यास ४.१२ इंच, म्हणजे पाँटिअ‍ॅकच्या ४०० इंजिनाच्या सिलिंडरएवढाच, हे कळल्यावर त्यांना भात गोड लागेना. पिस्टनची धाव ४ इंच धरली, तर आठ सिलिंडरांचे मिळून ४२७ घन इंच होत होते, आणि ४२७ तर फोर्ड व शेव्हरोले या दोघांकडेही होते. ४२६ वर क्रायस्लर कंपनीचे हेमी इंजिन ठाण मांडून बसलेले. अखेर धाव ०.०५ इंचाने वाढवून ४३२ वर तोडगा निघाला. हे सुमारे ७.१ लिटर झाले. आमच्या माहेरी सहा माणसे आणि आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्या मारुती ८०० ची जवळजवळ नऊ इंजिने त्यात मावली असती, असे मी म्हणाले, तेव्हा त्यांनी ती स्तुती समजून टिपून घेतली.

खरा छळ पुढे आहे. त्या काळी विमा कंपन्या ताकदवान गाड्यांना जबर हप्ता लावीत, आणि फोर्डने ४२८ कोब्रा जेट इंजिनाची ताकद कागदोपत्री ३३५ अश्वशक्तीच दाखवली होती. म्हणून यजमानही आपल्या इंजिनाची ताकद कमी लिहितात. जे इंजिनच नाही, त्याबद्दल खोटे बोलून कोणाला फसवायचे, हे मला उमगत नाही. पण विमा अधिकाऱ्याची भूमिका माझ्याकडे असल्यामुळे पोळ्या लाटताना उलटतपासणी घ्यावी लागते.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. तिथे एका जीटीओवाल्याने आपुलकीने विचारले, तुमच्याकडे काय आहे? यजमान शांतपणे म्हणाले, “४३२.” त्या गृहस्थांनी क्षणभर विचार करून, “दुर्मीळ आहे,” अशी मान डोलावली. तेव्हापासून घरात माझे कोणी ऐकत नाही.

आता कंपनी १९७३ च्या उंबरठ्यावर आहे. शिसे कमी असलेल्या पेट्रोलसाठी इंजिनांचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, उतरवून झाले, १९७२ पासून अश्वशक्ती नव्या पद्धतीने मोजल्याने आकडेही रोडावले, आणि ऑक्टोबरमध्ये अरब देशांची तेलबंदी येणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. यजमानांचे जेवण कमी झाले आहे.

“अहो, मग कंपनी बंदच करा ना!” मी सुचवले.

“आणि कामगारांचं काय? तुला काहीच वाटत नाही?”

मला वाटले. म्हणून मी कामगार संघटनेचे पुढारीपण स्वीकारले असून, रविवारपासून स्वयंपाकघर बेमुदत बंद राहील, अशी रीतसर नोटीस व्यवस्थापनाला दिली आहे.