पाद्री होते, म्हणून मराठी नव्हते?

फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा एक सूर फार फिरला: हा परक्या धर्माचा पाद्री, याचं समाजकार्य म्हणजे धर्मांतराचा बुरखा, आणि मराठीत केलं काय, तर बायबलचं भाषांतर. २५ जुलै २०२४ ला फादर गेले. तो सूर अजून कानावर येतो.

आधी बुरख्याचं बघू. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला. इथल्या केळी, फुलं, पानवेली सगळ्या विहिरींच्या आणि बावखलांच्या पाण्यावर. बावखल म्हणजे वाडीतलं छोटं तळं. पावसाळ्यात भरतं, मुरतं, आजूबाजूच्या विहिरी जिवंत ठेवतं. इमारती आल्या, पण त्यांच्या नळांना पाणी नव्हतं. मग टँकर याच विहिरींवर येऊन उभे राहिले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. उपसा वाढला की गोडं पाणी खारं व्हायला कितीसा वेळ लागतो? फादर ज्या लढ्यात पुढे होते, त्या ‘हरित वसई संरक्षण समिती’चं भांडण हे होतं. टँकरशी, बिल्डरांशी आणि त्यांना सांभाळणाऱ्या गुंडगिरीशी. हिंदू शेतकरी आणि कार्यकर्तेही त्यात होते. यात बाप्तिस्मा कुठे आला, ते कुणीतरी दाखवून द्यावं.

भाषांतराचं म्हणाल, तर हो, केलं. ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार आहे. ग्रंथ मराठीत आणणं हे मराठीचं काम नाही, असं म्हणायचं असेल तर ज्ञानेश्वरांपासून सगळंच तपासावं लागेल! शिवाय १९८३ ते २००७ ते ‘सुवार्ता’चे संपादक होते. मासिक चर्चचं, हे खरंच. फादरांनी कधी ते लपवलं नाही. पण चर्चच्या आवाराबाहेरचे प्रश्न त्यांनी त्यात आणले. चोवीस वर्षं मराठी मासिक चालवणं म्हणजे काय, ते एक अंक काढून पाहिलेल्यालाच कळेल.

राहिलं परकेपण. फादर वसईतल्या नंदाखालचे. इथल्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत होते, आणि लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या बाहेर पडून सामवेदी या इथल्याच बोलीत भावाची घासाघीस करतात. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, पोर्तुगीज गेले. हे ख्रिस्ती लोक कुठे जाणार? ते इथलेच होते.

आणि दर २७ फेब्रुवारीला स्टेटसवर काय झळकतं? ‘जैसी हरळांमाजी रत्नकिळा, कीं रत्नांमाजी हिरा निळा...’ ही ओवी ‘ख्रिस्तपुराणा’तली, १६१६ ची. लिहिणारा फादर स्टीफन्स. तोही पाद्रीच, आणि तो तर थेट इंग्लंडहून आलेला.