नातेवाइकांच्या पाच ताऱ्यांनी पुस्तक खपत नाही

‘लेखकांनो, ३० दिवसांत बेस्टसेलर व्हा’ असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्यात पाच सूत्रं आहेत. नातेवाईक आणि मित्रांकडून ॲमेझॉनवर पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू टाकून घ्या, कमी पडले तर इतर लेखकांशी रिव्ह्यूंची अदलाबदल करा. पुस्तकाची पूर्ण पीडीएफ सगळ्या ग्रुपांवर टाका. सगळ्यांना एकाच वेळी खरेदी करायला लावून ‘नंबर वन’ व्हा. फॉलोअर विकत घ्या. आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आमच्याकडून पैसे भरून घ्या.

माझ्या आत्याने निवृत्तीनंतर पदरमोड करून जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या आठवणी छापल्या. तिनेच हा मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘सर्वांनी आज रात्रीपर्यंत पाच तारे द्यावेत.’ आयुष्यभर मुलांची कॉपी पकडणाऱ्या बाईला हे करायला लावणाऱ्यांचा मला मनस्वी राग आला आहे.

रिव्ह्यूंचं आधी बोलू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच आहे. ॲमेझॉनचे नियम कुणालाही वाचता येतात. लेखकाच्या घरच्यांनी आणि जवळच्या मित्रांनी रिव्ह्यू लिहायचा नाही. पैशांच्या, भेटीच्या किंवा उलट रिव्ह्यूच्या बदल्यात लिहायचा नाही. असे रिव्ह्यू कंपनी काढून टाकते आणि खात्यावर कारवाईही करू शकते. पुस्तकाची प्रत फुकट द्यायला मात्र हरकत नाही, फक्त ‘रिव्ह्यू लिहिलाच पाहिजे’ अशी अट घालायची नाही. म्हणजे सरळ रस्ता उपलब्ध असताना हा मेसेज लोकांना नियम मोडायला सांगतो.

नियम बाजूला ठेवले तरी वाचक बघतो ना. आत्याच्या पुस्तकाखाली आता ओळीने ‘अप्रतिम’, ‘नक्की वाचा’, ‘संग्राह्य’ असं दिसतं, आडनावंही तीच तीच. एकाही रिव्ह्यूत पुरात वाहून गेलेल्या हजेरीपटाचा उल्लेख नाही, ऊसतोडीला गेलेल्या मुलांच्या घरी जाऊन घेतलेल्या परीक्षेचा नाही. पुस्तकात जे खरोखर आहे ते कुणी सांगितलेलंच नाही. ‘मधली प्रकरणं लांबली आहेत, पण ऊसतोडीचं प्रकरण वाचाच’ असं एखाद्या अनोळखी शिक्षिकेने तीन तारे देऊन लिहिलं, तर त्या दोन ओळी या सगळ्या रांगेपेक्षा जास्त प्रती विकतील.

आता पीडीएफ. ‘लोक वाचतील आणि मग विकत घेतील’ म्हणे! पूर्ण पुस्तक फोनमध्ये आल्यावर विकत घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि एकदा गेलेली फाइल परत येत नाही. शिवाय प्रकाशकाशी करार असेल तर पीडीएफ वाटायचा हक्क आपल्याकडे राहिलाय का, ते आधी करारात पाहावं लागतं. ई-बुक ॲमेझॉनच्या किंडलवर ‘केडीपी सिलेक्ट’ या योजनेत असेल तर ९० दिवसांच्या मुदतीत त्याची डिजिटल आवृत्ती दुसरीकडे कुठेही देता येत नाही, फुकटसुद्धा नाही. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी याच योजनेत मिळते, एरवी ३५ टक्के. नमुना म्हणून १० टक्क्यांपर्यंत मजकूर बाहेर देता येतो आणि तेवढा पुरतो. सर्वांत चांगलं प्रकरण निवडा, युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत) टाका, खाली खरेदीची लिंक द्या. युनिकोडचा आग्रह अशासाठी की जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर कॉपी करून पोस्ट केला की त्याची निरर्थक अक्षरं होतात आणि शोधात तो कधीच सापडत नाही.

‘नंबर वन’चं थोडक्यात. ॲमेझॉनवरचा क्रमांक सतत बदलतो आणि लहानशा उपविभागात थोड्या प्रतींवरही वर जाता येतं. स्क्रीनशॉट मिळतो, वाचक मिळत नाही. विकतच्या फॉलोअरांबद्दल लिहिण्यात वेळ घालवत नाही, ती खाती पुस्तक वाचत नाहीत.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. लेखकाने स्वतः बाहेर पडलं पाहिजे, हे त्या मेसेजमागचं म्हणणं खरं आहे. छोटा प्रकाशक प्रचार करत नाही, आणि रिव्ह्यू अजिबातच नसलेलं पुस्तक अनोळखी माणूस सहसा उचलत नाही. पण बाहेर पडायचं ते वाचकाकडे. आत्याने शिक्षकांच्या ग्रुपांमध्ये एका प्रकरणाचं तीन-चार मिनिटांचं वाचन रेकॉर्ड करून टाकावं. पुस्तकाच्या माहितीत तालुक्यांची आणि गावांची नावं घालावीत, पुस्तकाचं नाव देवनागरीबरोबर रोमन लिपीतही द्यावं, कारण बरेच जण तसंच टाइप करून शोधतात.

राहिला आयएसबीएन. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. मेसेजखाली दिलेल्या नंबरवर कुणी पैसे पाठवले असतील, तर ते आजच परत मागा.