दिव्यामागचा अंधार

सॅम्युएल बेकेटच्या छोट्या नाटकांवर कुणाचा जीव जडला असेल तर खुशाल जडू दे, फक्त त्याला एकदा 'प्ले'च्या प्रयोगात दिव्यामागे बसवा. मला बसवलं होतं. मला एक वाक्य धड पाठ होत नाही, ही माझी एकमेव पात्रता.

नाटक १९६३चं. तीन रांजण, त्यांतून डोकावणारी तीन मुंडकी: नवरा, बायको आणि 'ती'. ज्याच्या तोंडावर झोत पडेल त्यानं भराभर बोलायचं. झोत सरकला की शब्द अर्धा असला तरी गप्प. तिघांना तीन दिवे दिले असते तर काय बिघडत होतं? पण बेकेटला दिवा एकच हवा, तोही फिरता. कारण हा दिवा म्हणजे उलटतपासणी घेणारा. म्हणजे मी! घरात मी डोळे वटारले तरी कुणाचं वाक्य तुटत नाही आणि इथे मनगट हललं की नवरा चिडीचूप.

रांजणांची उंची जेमतेम तीन फूट. नटांनी एकतर रंगमंचाखाली उतरून उभं राहायचं, नाहीतर मागून उघड्या रांजणात गुडघे टेकायचे. बसायची परवानगी नाही, रांजण बेढब होतात म्हणे. खाली उतरायची सोय आमच्याकडे नव्हती. त्यामुळे तालमीत 'ती'च्या तोंडावर झोत टाकला की संवादाआधी "आई गं" यायचं.

प्रयोगात माझं पान चुकलं. झोत नवऱ्यावर हवा होता, गेला बायकोवर. झोत आला म्हणजे बोलणं भाग! बिचारीनं पुढचं जे आठवलं ते म्हटलं आणि नवऱ्यानं लफडं कबूल करायच्या आतच त्याला माफ करून टाकलं. नवऱ्यानं अंधारातून माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं असेल, ती मला दिसली नाही हे बरं.

कसंबसं शेवटाला आलो. हुश्श करावं, तर संहितेत तिथेच बेकेटची सूचना: सगळं नाटक पुन्हा. पहिल्यापासून. तीच वाक्यं, तोच वेग. नवऱ्याच्या तोंडी लेखकानं उचकीसुद्धा लिहून ठेवलीय, तीही त्याच जागी. पहिल्या खेपेला उचकी आली तेव्हा पुढच्या रांगेतल्या माझ्या मावशीनं पाण्याची बाटली काढली होती. दुसऱ्या खेपेला ती बाटली घेऊन उभीच राहिली. मागून कुणीतरी "बसा हो" म्हणालं.

या खेपेला माझं एकही पान चुकलं नाही. माफी कबुलीनंतरच आली.

प्रयोगानंतर मावशी आत आली. बाटली नवऱ्याच्या हातात दिली आणि माझ्याकडे वळली.

"चूक तुझी, आणि सगळं पहिल्यापासून करायला लावलंस त्या पोरांना? गुडघ्यांवर?"